व्रणांसह उठलेला प्रभू



पुनरुत्थानकाळातील आजचा हा दुसरा रविवार. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २००० साली संत फाउस्टिना ह्यांना संतपद देताना हा रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून सबंध ख्रिस्तसभेला दिला. आजचे शुभवर्तमान (योहान २०:१९-३१) दरवर्षी ह्याच रविवारी वाचले जाते आणि दरवर्षी आपण संत थोमाच्या अविश्वासाबद्दल प्रवचन ऐकतो. यंदा थोमाला थोडी विश्रांती देऊ या. ज्या शरीराकडे तो पाहत होता, त्या शरीराकडे आज आपण पाहू या.

मरणावर विजय मिळवून उठलेले हे शरीर. बंद दारे त्याला अडवू शकत नाहीत. मग्दालिया मरियेला ते पहिल्या नजरेत ओळखू आले नाही, इतके ते वेगळे, इतके तेजस्वी असावे. आणि तरीही त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, कुशीत भाल्याची जखम आहे. ज्या पित्याने मेलेल्या देहात प्राण घातला, त्याला चार व्रण पुसून टाकणे अवघड होते काय? त्याने ते पुसले नाहीत. आपण एखादे नवे शरीर बनवायला बसलो असतो तर सर्वांत आधी डाग काढले असते. देवाने ते राहू दिले, आणि शिष्यांना प्रभूची खूण पटली ती त्याच व्रणांवरून.

ह्या रविवारी आम्ही एका अशा विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, ज्याबद्दल आपल्या धर्मग्रामात सहसा कुजबुजच होते. एचआयव्हीसह जगणारी तरुण मुलेमुली आपल्या स्वतःच्या शरीराकडे कशा नजरेने पाहतात, आणि आपण सगळे त्यांच्या शरीराकडे कशा नजरेने पाहतो, हा तो विषय. आपल्या धर्मग्रामात असे कोणी आहे काय, हे कृपया कोणी विचारू नये आणि मनातल्या मनात शोधूही नये. आम्ही सांगणार नाही. देशात सुमारे २५ लाख लोक ह्या विषाणूसह जगत आहेत आणि सर्व राज्यांत महाराष्ट्राचा आकडा मोठा आहे. अशा वेळी ‘आमच्या बाकांवर तसे कोणी बसत नाही’ असे कोणत्याही देवळाने समजणे भाबडेपणाचे ठरेल.

पुष्कळांना वाटेल, जीव वाचला हे काय थोडे आहे? त्यात दिसण्याची काय चिंता? हा प्रश्न सहसा तेच विचारतात ज्यांच्या दिसण्यावर कोणी बोललेले नाही. म्हणून आधी शरीराचे काय होते ते नीट समजून घेऊ.

जी मुले हा विषाणू आईच्या पोटातून, बाळंतपणात किंवा दुधातून घेऊन आली, त्यांच्यातील अनेकांचे बालपण औषधाविना गेले. भारतात सरकारी खर्चाने एआरटीची औषधे मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून, तीही सुरुवातीला मोजक्या आठ सरकारी रुग्णालयांत. लहान मुलांसाठी वेगळ्या मापाची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमात आली २००६ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या मुलांची उंची खुंटली, वयात येणे लांबले. विषाणू शरीरात मोकाट असला की अन्न अंगी लागत नाही आणि वाढ मागे पडते. औषध लवकर सुरू झाले तर बरीचशी वाढ भरून निघते. उशिरा सुरू झाले तर राहिलेले अंतर पूर्ण भरत नाही. म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा बारा वर्षांचा दिसतो. मिसरूड फुटलेल्या वर्गमित्रांत तो एकटाच कोवळ्या गळ्याने बोलतो. मुलीच्या मैत्रिणींना केव्हाच पाळी आलेली असते, आणि आईची बहीण दर सुट्टीत तेच विचारते.

त्वचेचेही असेच. प्रतिकारशक्ती घटली की हातापायांवर खाज सुटणारे फोड उठतात आणि बरे झाल्यावर काळे डाग ठेवून जातात. नागीण झालेली असली तर तिचा पट्टा अंगावर राहतो. पुण्याच्या मे महिन्यातही लांब बाह्यांचा सदरा घालून मिस्साला येणाऱ्या एखाद्या मुलाला ‘अरे, उकडत नाही का?’ असे विचारण्याआधी एवढे आठवावे.

आणि मग औषधे. त्यांच्याबद्दल कृतज्ञतेनेच बोलायला हवे, कारण त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत माणसे मरणाच्या दारातून परत आणली आहेत. पण खरे तेही सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षांत आपल्या देशात ज्या तीन औषधांची जोडी सर्रास दिली जाई, त्यातील स्टॅव्हुडिन नावाचे औषध स्वस्त होते आणि जीव वाचवीत होते. परंतु काही वर्षे घेतल्यावर पुष्कळांच्या गालांतील, हातापायांतील चरबी झडू लागे. गाल आत जात, हातांच्या शिरा दोरीसारख्या वर येत, आणि कधी पोटावर किंवा मानेच्या मागे चरबीचा गोळा साचे. रक्ताचा अहवाल उत्तम आणि चेहरा मात्र साठीच्या माणसाचा, अशी विचित्र अवस्था. ‘गाल बसलेत, म्हणजे तेच असणार’ असे निदान गावोगावी पारावरच होऊ लागले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करावे असे सांगितले आणि पुढील वर्षांत आपल्याकडेही ते थांबले. पण गेलेली गालाची चरबी औषध बदलल्याने पुरती परत येत नाही. त्या काळात ज्यांचे बालपण गेले, ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत, नोकरी करीत आहेत आणि लग्नाच्या फोटोत जरा मागे उभी राहत आहेत.

दुसऱ्या एका औषधाने, झिडोव्हुडिनने, काहींची नखे आणि त्वचा काळवंडते. एफाव्हिरेन्झने काही मुलग्यांची छाती वाढते. वयात येणाऱ्या मुलाला ह्याहून मोठी शरम ती कोणती? तो कोणालाही सांगत नाही; पोहायला जाणे, फुटबॉल खेळणे मुकाट्याने सोडून देतो. अलीकडे डोलुटेग्रॅविर असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. हे औषध फार चांगले आहे, विषाणूला झपाट्याने दाबते. पण त्याने काहींचे वजन वाढते, आणि काल जिला ‘काय गं, खायला मिळत नाही का?’ असे विचारीत होते, तिला आज ‘सुटलीस की!’ असे ऐकावे लागते.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. ही मुले आरशात पाहतात तेव्हा त्यांना फक्त डाग किंवा बसलेले गाल दिसत नाहीत. ‘कळेल कोणाला तरी’ ही भीती दिसते. आपल्यासारख्यांना मुरूम आला तर वाईट दिसू एवढीच चिंता असते. त्यांच्या मनात प्रत्येक डाग म्हणजे चुगली करणारा साक्षीदार असतो. आपलेच अंग आपले गुपित फोडील असे ज्याला रात्रंदिवस वाटते, तो त्या अंगावर प्रेम कसे करणार? आणि एक दिवस त्याच्या मनात येते, हे सगळे त्या गोळ्यांमुळे होते आहे. थोडे दिवस गोळ्या बंद करून बघू. बहिणीच्या लग्नापुरत्या, कॉलेजच्या गॅदरिंगपुरत्या, नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यापुरत्या.

बंधुभगिनींनो, येथे प्रश्न दिसण्याचा राहत नाही. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. गोळ्या कधी घेतल्या कधी नाही असे होऊ लागले की विषाणू औषधाला जुमानेनासा होतो आणि मग तीच गोळी पुन्हा सुरू करूनही गुण येत नाही. उलट गोळ्या नेमाने घेतल्या तर रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका खाली जातो, माणूस भरपूर जगतो, आणि पतीपत्नीच्या संबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. एवढे मोठे दान हातात असताना एखादे लेकरू ते सोडून देते. कधीकधी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या फाटकाशी कोणी सहज म्हटलेल्या एका वाक्यामुळे.

आपण मराठी माणसे मायेने बोलतो आणि माया दाखवण्याची आपली पहिली रीत म्हणजे समोरच्याच्या अंगावर शेरा मारणे. ‘किती वाळलास रे!’ ‘काळी पडलीस गं.’ ‘अंग धरलंय हो आता.’ ‘एवढासाच राहिला की हा!’ ह्यात दुष्टपणा नसतो. आत्याबाई, मावशी, काका, सगळेच असे बोलतात. नगरकडून आलेली आपली वडीलधारी मंडळी तर ह्यालाच विचारपूस म्हणतात. पण विचारपूस ‘कसा आहेस?’ ह्या दोन शब्दांत होते. त्यापुढे वजन, रंग, उंची आणि गाल कशाला? आम्हाला तर वाटते, उपवासकाळात आपण मटण-मासळी सोडतो तसे कोणी चाळीस दिवस दुसऱ्याच्या शरीरावर बोलणे सोडून पाहावे. मटणापेक्षा ते जड जाईल.

आपल्या खराडीत ह्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९९७ साली महापालिकेत येण्यापूर्वी हे नदीकाठचे गाव होते. जेथे शेते होती तेथे आज आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. चालता चालता माणसाला दहा ठिकाणी आपले प्रतिबिंब दिसते, असा हा परिसर. जातायेता व्यायामशाळांचे फलक दिसतात आणि त्यांवर पोटाला सहा घड्या पडलेला तोच एक तरुण. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला. गोऱ्या रंगाचा हव्यास काही आपल्या घरांतून निघालेला नाही. नगर, जालना, लातूर, वसई, कोठून कोठून आलेली मुले येथे कॉट बेसिसवर एका खोलीत चौघे-पाच जण राहतात. अशा खोलीत गोळ्यांची डबी ठेवायची कोठे? काही जण गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवतात. आणि शरीर कमवायचे म्हणून खोलीतल्या मित्रांबरोबर तोही डब्यातली पावडर पिऊ लागतो.

ह्या पावडरीबद्दल एक व्यावहारिक सूचना देऊन ठेवतो, कारण ती फारशी कोणी देत नाही. लोह किंवा कॅल्शियम असलेली पूरके, तसेच पित्तावरची काही औषधे, डोलुटेग्रॅविरच्या गोळीबरोबर रिकाम्या पोटी घेतली तर ती गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. कोणते केव्हा घ्यावे हे एआरटी केंद्रातील डॉक्टर किंवा समुपदेशक सांगतात. व्यायाम अवश्य करावा. त्याने स्नायू भरतात आणि मनही थाऱ्यावर येते. जे काही चालू करायचे ते मात्र त्यांना विचारून. पुण्यात ससून रुग्णालयाच्या केंद्रात ही औषधे मोफत मिळतात, आणि शरीरावर दिसणाऱ्या बदलांबद्दल तेथे बोलता येते. औषध बदलणे पुष्कळदा शक्य असते. न विचारता बंद करणे आणि विचारून बदलणे ह्यांत जीवनमरणाचे अंतर आहे.

आता पुन्हा शुभवर्तमानाकडे वळू. ह्या प्रसंगात एक गोष्ट आहे जिच्याकडे आपले सहज दुर्लक्ष होते. प्रभूने आपले व्रण कोठे दाखवले? भर चौकात नाही, पिलाताच्या वाड्यासमोर नाही, ज्यांनी त्याची थट्टा केली त्यांना बोलावून नाही. दारे बंद असलेल्या खोलीत, आपल्या माणसांना, आणि स्वतः होऊन. पहिल्या संध्याकाळी कोणी मागितले नव्हते. त्यानेच हात पुढे केले. थोमाने मागितले तेव्हाही कोणी प्रभूचे वस्त्र बाजूला ओढले नाही. आठ दिवसांनी प्रभू आपणहून आला आणि आपणहून म्हणाला, ये, पाहा. थोमाने खरोखर बोट घातले असे योहान कोठेही लिहीत नाही. ते चित्रकारांनी रंगवले. शुभवर्तमानात थोमा फक्त शरण जातो.

व्रण ज्याचे, दाखवण्याचा अधिकारही त्याचाच. जुन्या नियमशास्त्रात (लेवीय १३) असे नव्हते. तेथे कुष्ठरोग्याने फाटकी वस्त्रे घालून, केस मोकळे सोडून, आपण अशुद्ध असल्याचे स्वतः ओरडून सांगायचे होते. येशूने अशाच एका माणसाला आधी स्पर्श केला, मग बरे केले (मार्क १:४०-४५). क्रम लक्षात घ्यावा. बरा झाल्यावर हात लावला असे नाही. डाग अंगावर असतानाच लावला. आज आपल्या देशाचा कायदाही ह्या बाबतीत येशूच्या बाजूला आला आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने कोणालाही त्याच्या संमतीशिवाय आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, आणि शाळा, नोकरी, दवाखाना, भाड्याचे घर ह्यांत भेदभाव करणे बेकायदेशीर ठरले आहे. ज्याच्याशी आपण लग्न करणार त्याच्यापाशी मात्र सत्य बोललेच पाहिजे. ती विवाहाची पहिली पायरी आहे. फाटकाशी भेटलेल्या काकूंना ते कळण्याचे काही कारण नाही.

नेहमी असे नव्हते. आपल्या शेजारच्या गोव्यात, बार्देशातील पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा हा कॅथलिक तरुण. रक्तदान केल्यावर त्याच्या रक्तात विषाणू सापडला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात एकट्याला ६४ दिवस कोंडून ठेवले. तेव्हाचा गोव्याचा आरोग्य कायदा ते करू देत होता. त्याने काही गुन्हा केला म्हणून नव्हे. त्याचे शरीर हाच जणू गुन्हा होता. त्याची आई आणि मित्रमंडळी न्यायालयात गेली, तो सुटला, आणि उरलेले आयुष्य त्याने इतरांसाठी झगडण्यात घालवले. १९९२ साली तो देवाघरी गेला. त्याने मनाशी धरलेली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था गोव्यात आजही ओळखली जाते. ते कुलूप आता कायद्याने काढले आहे. पण ज्या मुलाला आपले शरीर म्हणजे इतरांना धोका आहे असे वाटत राहते, तो ते कुलूप स्वतःच आतून लावून बसतो. प्रेषितांनीही भीतीने दारे आतून लावली होती, हे योहान आवर्जून सांगतो.

काही श्रद्धाळू खासगीत आम्हाला विचारतात, हे कोणाच्या तरी पापाचे फळ नव्हे काय? शिष्यांनीही जन्मांध माणसाला पाहून अगदी हेच विचारले होते: पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:१-३). त्याने उत्तर दिले, मग चिखल केला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला. त्या माणसाच्या घराण्याचा इतिहास त्याने विचारला नाही. जन्मासोबत विषाणू घेऊन आलेल्या मुलाने काय केले होते? आणि ज्याला नंतर कोठून तरी लागला, त्याच्या पापाची नोंद ठेवण्याचे काम आपल्याकडे कोणी दिले?

हात लावण्याचे म्हणाल, तर ज्या पोप दुसरे जॉन पॉल ह्यांना फेब्रुवारी १९८६ मध्ये आपल्या पुण्याने पाहिले, त्यांनीच पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९८७ मध्ये, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात एचआयव्ही असलेल्या एका लहान मुलाला कडेवर घेतले. त्या काळी परिचारिकासुद्धा अशा रुग्णाच्या खोलीत जायला घाबरत. जेवल्याने, हात हातात घेतल्याने, एका बाकावर बसल्याने, शांतीचे चिन्ह दिल्याने हा विषाणू लागत नाही, हे विज्ञान त्यांना ठाऊक होते. आज ते आपल्यालाही ठाऊक आहे. तरी काही हात अजून आखडतात.

दुसरे नाव फादर डेमियन ह्यांचे. बेल्जियमचा हा तरुण धर्मगुरू १८७३ साली मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांत राहायला गेला, त्याच रोगाने १८८९ साली तेथेच वारला आणि २००९ साली संत झाला. एचआयव्हीसह जगणारे जगभरचे अनेक जण त्यांना आपला संत मानतात. त्यांची दोन छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. एकात गुळगुळीत चेहऱ्याचा देखणा तरुण. दुसरे मृत्यूच्या थोडेच आधी घेतलेले: सुजलेला, गाठींनी भरलेला चेहरा, झोळीत अडकवलेला हात. ज्याला आपल्या चेहऱ्याची लाज वाटते त्याने हे दुसरे छायाचित्र जरूर पाहावे. ते आपल्या चेहऱ्यासकट छायाचित्रकारासमोर आले. ह्याचा अर्थ असा नव्हे की आजार सुंदर असतो. तो नसतो, त्यांनाही तो सोसावा लागला. परंतु ख्रिस्तसभेने त्यांना ओळखले ते त्याच चेहऱ्यासह.

महाराष्ट्रातही ह्या मुलांना आपल्या शरीरासह वाढवणारी घरे उभी राहिली: पंढरपूरची ‘पालवी’, पुण्याजवळचे ‘मानव्य’, लातूर जिल्ह्यातील हासेगावचे ‘सेवालय’. ती आपल्या धर्माच्या मंडळींनी काढलेली नाहीत, हेही नम्रपणे लक्षात घ्यावे. ज्या मुलांबद्दल ‘ही काही वर्षांचीच सोबती’ असे म्हटले जाई, ती तेथे वाढली, शिकली. काहींची लग्ने झाली. नवरानवरी म्हणून सजताना त्यांनीही आरशात पाहिले असेलच.

तरुण मित्रमैत्रिणींनो, आता थोडे तुमच्याशी. हे वाचणाऱ्यांत जो स्वतः ह्यातून जात असेल, त्याला आम्ही ‘दिसण्याकडे लक्ष देऊ नकोस’ असे सांगणार नाही. चांगले दिसावे असे वाटण्यात पाप नाही. अंगाला तेल लाव, नीट कपडे घाल, केस कापून घे, आवडत असेल तर गॉगल लाव. देवाने तुला आत्मा देऊन वर एक निरुपयोगी पिशवी जोडली असे आपला धर्म मानत नाही. म्हणूनच तर आपण श्रद्धांगीकारात देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, नुसत्या आत्म्याच्या अमरत्वावर नाही. संत पौल शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो (१ करिंथ ६). ते लिहिताना त्याने निरोगी शरीर, गोरे शरीर, भरल्या गालांचे शरीर अशी अट घातलेली नाही. आणि रविवारी वेदीपाशी तुझ्या जिभेवर जो ठेवला जातो तो मोडलेलाच असतो; मोडल्याशिवाय तो वाटताच येत नाही. तुझे शरीर त्याला आत घेते. ज्या रक्तात विषाणू आहे त्याच रक्तामांसात तो येतो, कचरत नाही. रोजची गोळी घेताना एखादे दिवशी हे आठवून बघ.

बोलावेसे वाटले तर या. धर्मगुरूंच्या कानी पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट मरेपर्यंत कोठे जात नाही, आणि त्याबाहेर विश्वासाने सांगितलेलीही जाऊ देणार नाही. नाही बोललात तरी चालेल. प्रभू सर्वांना एकदम व्रण दाखवत सुटला नव्हता.

धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना आणि युवक संघाच्या कार्यकर्त्यांना दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आणि दृढीकरणाच्या वेळी मुलांची रांग उंचीप्रमाणे लावू नये, नावाप्रमाणे लावावी. आठवीतल्या मुलाला पहिलीतल्यांपुढे उभे केले की तो पुढच्या रविवारपासून येत नाही, आणि का येत नाही हे घरीही सांगत नाही. वर्गात ‘तू नक्की कितवीत?’ असे चारचौघांत विचारू नये. नोंदवहीत लिहिलेले असते. नाताळच्या नाटकात बुटक्या मुलाला दरवर्षी मेंढरू करू नये, त्यालाही एकदा योसेफ होऊ द्यावे.

आणि सुट्टीतल्या शिबिरांचे. मुलांच्या पिशव्या तपासण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती आपल्याकडे नको. कोणाच्या पिशवीत औषध दिसलेच तर ‘हे कशाचे?’ असा प्रश्न करू नये. मुलामुलींच्या गोळ्या पुष्कळ कारणांच्या असतात. शिबिराचे वेळापत्रक आधी घरी पाठवावे, म्हणजे ज्याला त्याला आपली वेळ जुळवता येते. रात्रीच्या प्रार्थनेच्या सुमारास कोणी दोन मिनिटे उठून बाहेर गेला, तर त्याच्यामागे कोणाला पाठवू नये. पिण्याच्या पाण्याची कळशी मात्र दाराजवळ भरून ठेवावी.